जॉइंट थंड होईपर्यंत

अक्का, परवा आमच्या कारखान्यात एक मशीन थरथरत होतं आणि मला दिवसभर तुमची आठवण येत राहिली. देवनहळ्ळीच्या पुढे असलेल्या या कारखान्यात हाताने सोल्डरिंग आता फारसं कुणी करत नाही. बोर्ड पट्ट्यावरून भट्टीत जातात, आत सोल्डर वितळतं आणि दुसऱ्या तोंडाने ते थंड होऊन बाहेर येतात. परवा मात्र बाहेर येणाऱ्या बोर्डांवरचे सोल्डरचे जॉइंट नेहमीपेक्षा मळकट दिसत होते, खरबरीत, काहींना केसासारखी चीर. माझ्या हाताखालचे इंजिनियर सोल्डरची पेस्ट बदलून बघत होते, भट्टीचं तापमान वरखाली करत होते. त्यांचं चुकत नव्हतं, या गोष्टी आधी बघायच्याच असतात. मी बोर्ड थंड होतात त्या टोकाला गेले आणि पट्ट्याच्या कडेवर हात ठेवला. साखळी एका जागी झिजली होती. तिथे पट्टा बारीक हिसका देत होता आणि सोल्डर गोठत असतानाच बोर्ड हलत होते. साखळी बदलली, जॉइंट सुधारले, सगळे चहाला गेले. मला मात्र तिथून निघवेना.

मी सांगलीहून डिप्लोमा करून आले तेव्हा व्हाइटफील्डजवळच्या त्या छोट्या कंपनीत हाताने सोल्डरिंग करणाऱ्या विभागाच्या प्रमुख तुम्ही होता. माझं तुटकं हिंदी ऐकून तुम्ही पहिल्याच दिवशी मराठीत विचारलंत, जेवलीस का. तुमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बोललं जाणारं ते मराठी, त्यात कन्नड इतकं मिसळलेलं की अर्धं मला कळायचं नाही, पण कुणीतरी विचारलं याचंच मला रडू आलं होतं. शिकवताना मात्र तुम्ही कडक. एकदा माझा जॉइंट नीट बसला नाही म्हणून मी त्यावर आणखी सोल्डर चढवलं. तुम्ही बोर्ड माझ्या हातातून घेतलात. "वरून सारवू नकोस. सगळं काढ, पूस, परत कर." मग शेजारी बसून दाखवलंत: आधी सोल्डरची तार काढायची, मग तापलेलं आयर्न, आणि मग एक श्वास घ्यायचा. तो श्वास संपेपर्यंत बोर्डाला हात लावायचा नाही. गोठताना सोल्डरला कुणी हलवलेलं चालत नाही, तुम्ही म्हणायचात.

दोन-तीन वर्षांनी मला तपासणी विभागात घेतलं, आणि त्याच वर्षी ते पाळण्यांचे बोर्ड परत यायला लागले. कमी वजनाच्या बाळांना ऊब देणारे पाळणे. पाळणा जरा सरकवला की हीटर बंद पडतो, अशी तक्रार होती. एका इस्पितळात नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून बरं. मॅनेजरांनी मला कारण शोधायला बसवलं. मी सोल्डरची तार तपासली, आयर्नचं तापमान मोजलं, एसीचा झोत टेबलांवर येतो का तेही पाहिलं. कुठेच काही नव्हतं. मग मायक्रोस्कोपखाली एकेक बोर्ड घेत गेले. दोष फक्त हाताने लावायच्या मोठ्या कनेक्टरच्या पायांवर होता, आणि दोष असलेल्या प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात शाईचा हिरवा ठिपका होता. प्रत्येक टेबलाचा ठिपका वेगळा असायचा. हिरवा तुमचा.

मी मायक्रोस्कोपपुढे किती वेळ बसून राहिले कुणास ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला, तेव्हा तुम्हीच माझ्याकडे आलात. काय सापडलं, विचारलंत. मी म्हणाले, जॉइंट थंड होताना हलतोय.

"बोर्ड हलतोय की हात?"

तुम्ही खुर्ची ओढून बसता, डबा बाजूला ठेवता आणि उजवा हात टेबलावर माझ्यासमोर ठेवता, उताणा. बोटं हलताहेत, अगदी बारीक. "स्वल्प आहे," तुम्ही म्हणता. "सकाळी तेवढंही नसतं." मग मायक्रोस्कोपात डोकावून एक जॉइंट बराच वेळ बघता. मी म्हणाले, मी सरांना तारेचा दोष सांगते, ती बदलू, तुम्ही तोवर रजा घ्या. तुम्ही मान वर केलीत. रागावला नव्हता. "त्या पाळण्यात कुणाचं तरी बाळ झोपणार गं," एवढंच म्हणालात. आणि उठताना, "सरी, ठीक आहे. मीच सांगते."

तुम्ही सांगितलंत. मॅनेजर भला माणूस होता. हिरव्या ठिपक्याचे सगळे बोर्ड परत मागवले. ते दुरुस्त करायला मी तुमच्या टेबलावर बसले आणि तुम्ही शेजारी. हात माझे, नजर तुमची. मी घाई केली की तुम्ही नुसतं "श्वास" म्हणायचात. त्यानंतर त्या पाळण्यांचा एकही बोर्ड परत आला नाही. डॉक्टरांनी तुम्हाला कंपवात सांगितला. तुम्ही आयर्न खाली ठेवलंत, पण काम सोडलं नाहीत, नव्या मुलींना शिकवत राहिलात. एकदा एका मुलीने भाबडेपणाने तुमच्या हाताला काय झालं विचारलं, तर तुम्ही हसून म्हणालात, त्याला आता नाचावंसं वाटतं.

नंतर मी रविवारी बनशंकरीला तुमच्या घरी यायचे. चहा मी करायचे. कप अर्धाच भरायचा, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत आणि मीही कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक चार दिवसांची होती, आणि तिला काविळीसाठी दिव्याखाली ठेवलेलं होतं. तुमच्या भावाचा फोन आला. मला इस्पितळ सोडून येता आलं नाही. बाळांच्या खोलीच्या काचेपाशी उभी राहून मी तुमच्यासाठी रडले, आणि नर्सला वाटलं मी बाळासाठी रडतेय.

हे पत्र कुठे पाठवणार, अक्का? शिवाय तुमची शाळा कन्नडमधली. मराठी तुम्ही भरभरून बोलायचात, पण वाचायचा कंटाळा. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा माझ्याकडूनच वाचून घेतली होतीत. म्हणजे हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. खरं सांगायचं तर तुमच्या हाताबद्दलचं आलं असतं तिथे माझा आवाज टिकला नसता, आणि मी त्या ओळी गाळून पुढे गेले असते.