अहो, मी दीपगृह चढले

अहो,

परवा पुणतांब्याला गाडीतून उतरले, तेव्हापासून घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. थोरले भावजी मला पाहिलं की पाठ फिरवतात, जाऊबाई ताटं आदळतात. मग मी बोलायचं कुणाशी? लिहायला तुम्हीच शिकवलंत, आता वाचाही तुम्हीच.

मी रत्नागिरीला जाऊन आले. तिथल्या दीपगृहावर चढले. हो, मीच!

तुम्हाला जाऊन अजून वर्ष झालं नाही, हे मला कळत नाही का? निघायच्या आदल्या दिवशी भावजी गरजले, "नवरा गेलेल्या बाईनं कोपरा धरून बसावं. दर्याकाठी काय ठिवलंय तुजं? लोक तोंडात शेन घालतील!" मी म्हटलं, "घालू द्या." आणि वन्संना बरोबर घेतलं. तुमची बहीण तर बारा वर्षं त्याच कोपऱ्यात बसली आहे.

आठवतं? शाळेला मे महिन्याची सुटी लागली की तुमच्या अंगात वारं शिरायचं. भूगोलाचे मास्तर ना तुम्ही! मुंबईहून आगबोट पकडायची, मग किनाऱ्यावरचं एकेक दीपगृह. तुम्ही वर, आणि मी जिन्याच्या पायथ्याशी, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. "तुला चक्कर येईल," म्हणायचात. मला कधी चक्कर आली होती हो? विहिरीच्या काठावर उभी राहून पाणी शेंदणारी बाई मी!

खाली आलात की घाम पुसत सांगायचात, गलबतं मुंग्यांएवढी दिसतात, पाणी अलीकडे हिरवं आणि पलीकडे निळं. मी तोंड उघडं टाकून ऐकायची. मग लढाई लागली आणि दीपगृहं पाहुण्यांना बंद झाली. लढाई संपली, पुन्हा जायचा बेत ठरला, आणि थंडीत तुम्ही तापाने गेलात.

रत्नागिरीला तोच जुना बत्तीवाला भेटला. तुमचं वर्णन केलं, तशी त्याला ओळख पटली.

"पुणतांब्याचे मास्तर? भला माणूस! वरच्या खोलीपर्यंत यायचे, पण बाहेर सज्जात एकदाही आले नाहीत. भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसायचे. मला म्हणायचे, काय काय दिसतं ते सांगा, खाली मंडळींना सांगायचंय."

म्हणजे चक्कर तुम्हाला येत होती!

मी तिथेच हसत सुटले, आणि मग रडू आवरेना. इतक्या वर्षांच्या संसारात एवढंही सांगता आलं नाही? मी तुमचा हात धरला नसता का? दोघांनी समुद्र पाहिला तो बत्तीवाल्याच्या डोळ्यांनी! राग आला हो तुमचा. अजून गेलेला नाही.

कासोटा घट्ट खोवला आणि निघाले. जिना गोल, अरुंद. अर्ध्यावर मांड्या भरून आल्या, पण पुढे वन्सं थांबेनात. सज्जात पाऊल टाकलं आणि वाऱ्याने डोक्यावरचा पदर उडाला. उडू दिला. वन्सं कठडा धरून ओरडल्या, "वहिनी, एवढं पानी हुतं आन आपल्याला कुनी दावलं न्हाई!"

गलबतं खरंच मुंग्यांएवढी होती. पाणी मात्र हिरवं नव्हतं हं, चक्क मातकट होतं. बत्तीवाल्याने तुम्हाला बनवलं!

दुसऱ्या दिवशी होडीने जयगडला गेलो आणि तिथलंही दीपगृह चढलो.

तुमचं गुपित मी गावात फोडलेलं नाही. शाळेतल्या पोरांना वाटतं, मास्तर वाऱ्यात छाती काढून उभे राहायचे. वाटू दे.

काल भावजींनी जाऊबाईंकरवी निरोप धाडला, पुन्हा उंबरा ओलांडलास तर घराचं दार बंद. ऐकून घाबरले, खोटं कशाला सांगू? जायचं कुठे मग? पण या घराच्या जमिनीत तुमचा वाटा आहे, आणि इथल्या चुलीपुढे माझी निम्मी हयात गेली आहे. दार बंद केलंत तर बाहेर बसून कडी वाजवत राहीन, असं मी त्यांच्या तोंडावर सांगून आले. आल्यापासून भावजींच्या धाकाने वन्संही लांब राहत होत्या, कालपासून माझ्या शेजारी येऊन बसतात.

येत्या मे महिन्यात वेंगुर्ल्याला जाणार. तिथलं दीपगृह भर समुद्रात खडकावर आहे म्हणे. शब्द देते, प्रत्येक सज्जात बाहेर जाईन आणि डोळे उघडे ठेवीन. निघताना भावजींना सांगेन. विचारणार नाही.

तुमचीच,
सगुणा