तुमच्या बहिणीचा उजेड कमी-जास्त करताना

ती. दादांना,

वाकून नमस्कार. तुमची गुडघेदुखी आटोक्यात असेल. नसेल, तर निदान आहे तिथेच राहो, कमरेकडे सरकू नये. आम्ही दोघं ठीक. (‘ठीक’ म्हणजे किती, ते पुढे येतंच आहे.)

तुमचा कॅमेरा पोचला आणि सोबतची आज्ञाही : आजारातून उठल्यावर ती कशी दिसते, तो फोटो पाठवा. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. तिला खिडकीपाशी बसवून बटण दाबलं. खिडकी फार सुरेख आली; तुमची बहीण मात्र कुणीतरी मधेच आणून ठेवलेल्या काळ्या कपाटासारखी. म्हणून ब्राइटनेस वाढवला. (शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस मी, आकडे वाढवायला भीत नाही.) तर नाक, डोळे, भिंत, सगळं दुधात बुडालं आणि वर नुसता चष्मा तरंगत राहिला. ‘‘मी गेले की हाच लावा भिंतीवर,’’ म्हणाली.

मग कॉन्ट्रास्ट चढवला आणि घात झाला. डोळ्यांखालची वर्तुळं, खोल गेलेले गाल, डोक्यावर नुकतीच उगवू लागलेली लव, आठ महिन्यांचं सगळं इस्पितळ त्या चौकोनात उमटलं. ती आत गेली, आणि स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ वाहत राहिला. मी मेल्याहून मेल्यासारखा. दोन दिवस एकटाच भिंतीचे फोटो काढत आकडे खालीवर करत बसलो. (भिंत आता सगळ्या आकड्यांवर छान येते.)

काल पडदा सरकवायला स्टुलावर चढलो, कॅमेरा हातातच. ‘‘उतरा, पडाल!’’ ती ओरडली आणि मी आज्ञाधारकपणे पडलो. धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत, बसूनच. दादा, ती हसली. भिंतीला धरून, पोट दाबून, इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा! पडताना बोट कुठे दाबलं गेलं देव जाणे, तोच फोटो सोबत आहे. वाकडा आहे. ब्राइटनेस शून्य, कॉन्ट्रास्ट शून्य.

आपला,
मेहुणा

ता. क. : फोटो बघून ‘बरी दिसतेय’ म्हणत स्वस्थ बसू नका. अजून जिना चढताना दोनदा थांबते. संध्याकाळी दाराकडे बघत बसते. विचारलं तर म्हणते, वारा येतो. फोटोवर भागवू नका, या. मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नका.

ता. क. २ : दादा, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं होतं. वारा खरंच येतो. कधी निघतोस?