खाकरण्याचा मान

॥ श्री ॥
पेण, ता. ९ मार्च १९९८

ती. दादास वृंदाचा सा. न. वि. वि.

इकडील सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे. पण ठीक काहीच नाही, आणि त्याला तुझी पिचकारी कारण आहे. रागाने लिहिते आहे, वहिनीला वाचून दाखवू नकोस.

सरू आठवते ना? लग्नाआधी दोन वर्षं आमच्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला होती. आता धरमतरच्या बाजूला मिठागरवाल्यांच्या घरात दिली आहे. दोन महिने खोकते आहे, रोज संध्याकाळी ताप, एकदा पदराला रक्तही लागलं. तिचा नवरा मिथुन डोलवीच्या कारखान्यात शिफ्टवर जाता जाता बाटलीतून तिचा बेडका देऊन गेला. मायक्रोस्कोपखाली मला काही दिसलं नाही. म्हटलं, दादाने एवढ्या हौसेने करून दिलेली वस्तू आहे, वापरून बघू. तू सांगितलंस तसंच केलं. औषध घालून पातळ केलं, पिचकारीत भरलं, दट्ट्या दाबून पुढच्या गाळणीच्या चकतीतून गाळलं, चकती वाळवून मुंबईला तुझ्या मित्राच्या प्रयोगशाळेत पोस्टाने पाठवली. वीज लागत नाही, मशीन लागत नाही, चार जंतू असले तरी चकतीवर अडकतात आणि त्या नव्या तपासणीत सापडतातच, हे तुझेच शब्द.

रिपोर्ट आला. क्षयाचे जंतू नाहीत.

तो कागद घेऊन तिचा सासरा पुंडलिक सगळ्या आळीत फिरला. सून कामचुकार आहे, खोकल्याचं सोंग करते, हे आता मुंबईच्या डॉक्टरांनीच लिहून दिलंय म्हणे. परवापासून तिला मीठ ओढायला उभी केली आहे, या उन्हात. दादा, तुझा दट्ट्या सैल आहे. एका बोटाने सरकन खाली गेला. चकती नक्की फाटली असणार. ती पोरगी मेली तर मी काय करू, ते तेवढं कळव.

तुझ्यावर लोभ आहे, पण सध्या बाजूला काढून ठेवला आहे.

वृंदा

रोहा, ता. १२ मार्च १९९८

चि. वृंदा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीनेच फोडलं. तेव्हा लपवायचा प्रश्न मिटला. ती म्हणते नणंदबाईंचं बरोबर असणार. घरात मला कुणी विचारत नाही हे तुला ठाऊक आहेच.

आता माझं ऐक. दट्ट्या सैल म्हणतेस? सात रविवार कंपनीच्या वर्कशॉपात बसून तो हाताने घासलाय मी, फोरमनची बोलणी खाऊन. मित्राला फोन केला. चकती अखंड होती, कुठे चीरसुद्धा नव्हती. तुझं पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली, म्हणून दुसरी पिचकारी काढली आणि आमच्या छोट्या स्पृहासाठी केलेली पेज तिच्यात भरली. तळहात लावून अंगाचा भार टाकला तेव्हा कुठे ती उतरली. पोरगी उपाशी रडत होती ते वेगळंच. औषध घातल्यावरही बेडका पेजेइतका दाट राहतो, हे मला कुणी सांगितलं होतं? तूच.

एका बोटाने पाणी जातं, नाहीतर थुंकी. त्या बाटलीत काय होतं ते तू उजेडात धरून पाहिलंस का? बारा वर्षं लोकांच्या बाटल्या हाताळून हे तुला दिसू नये? माझ्या हत्याराला बोल लावण्याआधी तुझे डोळे तपासून घे. आणि भांडण मागाहून कर, आधी त्या मुलीकडे जा.

लोभ आहेच. तो काढून ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

तुझा दादा, बाळ

पेण, ता. १८ मार्च १९९८

ती. दादास वृंदाचा सा. न. वि. वि.

मी पाहिलं नव्हतं. सकाळच्या घाईत बाटली उघडली आणि सरळ औषध ओतलं. मायक्रोस्कोपखालीही थुंकीच होती, तिच्यात काय दिसणार होतं मला? तुझ्या दट्ट्याची माफी मागते. स्वतःचाच संताप आला.

रविवारी धरमतरला गेले. सरूला घेऊन पडवीत बसले होते. तेवढ्यात पुंडलिक बाहेरून आला. येताना केवढ्याने तरी खाकरला. त्यांच्याकडे रीतच आहे, घरचा मोठा माणूस आत येताना खाकरतो, म्हणजे सुना पदर घेतात. सरूने पदर घेतला. त्याच वेळी तिला खोकला आला आणि तो तिने दाबला, दादा. डोळे लाल झाले, गळ्याच्या शिरा तटतटल्या, पण आवाज नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासरा पडवीत बसलेला असताना ही बाई घशातून बेडका कसा काढणार? सुनेने खाकरणं म्हणजे निर्लज्जपणा. याने खाकरलं की तो मान.

माझा तोल गेला. बाटली तिच्या हातात दिली आणि त्याच्यादेखत म्हटलं, "सरू, मोठ्याने खाकर. मी इथून हलणार नाही."

म्हातारा लाल झाला. आमच्या घरात हा चावटपणा चालायचा नाय, असं ओरडायला गेला आणि ओरडता ओरडता त्यालाच उबळ आली. मिनिटभर थांबेना. कधीपासून म्हणून विचारलं, तर दारात उभा असलेला मिथुन खाली बघत म्हणाला, आबा दोन वर्षं असेच खाकरतात. दोन वर्षं! घरादाराने ते मान म्हणून ऐकलं. दुसरी बाटली मी पुंडलिकच्या हातात कोंबली.

सरू खाकरली. आधी रडली, मग खाकरली.

दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. पिचकारीत भरल्यावर दोन्हींना तळहात लावावा लागला, त्याच्या बेडक्याला जास्त. चकत्या वाळवून कालच पोस्टात टाकल्या. मित्राला म्हणावं, उशीर करू नकोस.

काढून ठेवलेला लोभ परत जागेवर ठेवला आहे, सांभाळून घे.

वृंदा

ता. ६ एप्रिल

वृंदाताईंना सरूचा नमस्कार. हे पत्र यांच्या हाती धाडते. शुद्ध लिवाया येत नाय, समजून घ्या.

थुंकी कंची नि बेडका कंचा, ते मना तुमीच शिकवलंत. ठावं असून मी थुंकी दिली. मामंजी समोर बसलं व्हतं. मना वाटलं, दादांची पिचकारी हाय, थुंकीतनं पन काढील. चूक माजी हाय. पन ताई, मना राग येतो. मिठात उभी व्हते तवा रोज वाटायचं, मी मरेन नि ही मानसं बोलतील, सोंग करता करता मेली.

दोगांचा रिपोट आला, दोगांना क्षय हाय. मामंजी दोन दिस जेवलं नाय. तिसऱ्या दिशी मना बोललं, "सरू, तुला माज्यापासनंच झाला गो." मी व्हय बोलले. खोटं कशाला बोलू?

सरकारी दवाखान्यातनं दोगांच्या गोळ्या आनल्या हायत. सहा म्हयने घ्यायच्या. मिठागरात आता मी जात नाय. मामंजी घरात येताना आता खाकरत नाय, बाहेरनं बादलीची कडी वाजवतात. मी खोकते तवा पदर तोंडाशी धरते, तुमी सांगितलंत तसा. आवाज मातर दाबत नाय.

दादांना माजा नमस्कार सांगा. माया हाय तशी राहू द्या.

सरू