माय गाडीत राहायला आली

४ नोव्हेंबर १९७४, शेलूबाजार

छताच्या पत्र्याला परत डांबर. कोपऱ्यातली गळती सापडली एकदाची, खिळ्याच्या डोक्यापाशीच होती. मि. वर चढलेले, मी आतून बोट लावून. (मि. म्हणजे हे. सारे मिस्त्री म्हणतात, मीही वहीत तेच लिहिते.) "इथं काय?" "अजून डावीकडं." असं करत सकाळ गेली.

ट्रकच्या मागच्या अर्ध्या भागात त्यांचा कारखाना: लोखंड आवळायचा शिकंजा, पाने, विहिरीवरच्या इंजिनांचे सुटे भाग. पुढच्या अर्ध्यात आमचं बिऱ्हाड. मधी फळ्यांची भिंत. कारंज्यात खोली पाहायला गेलो की आधी आडनाव विचारायचे. मग लिलावातली ही मिलिटरीची जुनी गाडी घेतली. आता ज्या गावात इंजिन बंद पडतं ते आमचं गाव. आज छत कोरडं आहे. एवढं पुष्कळ.

९ नोव्हेंबर

गव्हाचं ओलीत सुरू, म्हणून इंजिनांची बोलावणी रोज. दुपारी कामरगावच्या बसनं गंगाराम काका आले, मायचे शेजारी. मायच्या घराची मागची भिंत बसली. परतीच्या पावसानं भिजली होती, उन्हं पडल्यावर कोसळली. माय अंगणात होती म्हणून वाचली. काकांच्या गोठ्यात झोपते, त्यांच्या घरात येत नाही म्हणे.

मि. नं पाने गोळा केले. "चाल."

१० नोव्हेंबर, माहेर

माय ऐकत नाही.

"पोरीच्या घरचं पानी नाई पेलो आमी. रायनं त दूरच."

मी रडले, रागावले. काही उपयोग नाही. बाबा गेल्यापासून एकटी राहते, मला भाऊ नाही, तरी तेच. मग मि. गाडीचं चाक दाखवून म्हणाले, "आत्याबाई, याले घर कोन म्हनते? याले चाकं हायेत. तुमी यष्टीत बसता का नाई?"

"यष्टीत बसतो."

"मंग ह्या यष्टीत बसा."

गंगाराम काका हसले, म्हणून मायही हसली. "भित उबी होयेलोक," म्हणाली, म्हणजे भिंत उभी होईपर्यंतच. मी लगेच होय म्हटलं. भिंत बांधायचं गंगाराम काकांनी अंगावर घेतलं. त्यांचे उपकार.

११ नोव्हेंबर

मायचं सामान: एक कोंबडी, सूप, दोन लुगडी, आणि जातं. जात्यावर अडून बसली. मि. नं वजनाचा अंदाज घेतला, मागच्या चाकाच्या बरोबर वर बसवलं. "तिथं जड सामान बरं, गाडी उसळत नाई." जात्याच्या चारी अंगांना पट्ट्या ठोकल्या. कोंबडीला शिकंज्याखाली जागा. ती मात्र दिवसभर ओरडत होती.

१९ नोव्हेंबर, मंगरूळपीरच्या रस्त्यानं

माय बोलत नाही पण तिची कंबर दुखते. प्रत्येक खड्ड्याला ओठ दाबते. मला दिसतं. मि. लाही दिसलं वाटतं. संध्याकाळी गाडीखाली शिरून पाट्यांतली, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगांतली, दोन पानं काढली. पानं कमी तेवढी गाडी मऊ. मी म्हटलं, इंजिन लादलं तर? "पाहू."

आज माय पहिल्यांदा माझ्या हातचं पाणी प्यायली. मी तांब्या घासून पालथा घातला आणि बाहेर जाऊन उगीच उभी राहिले.

२७ नोव्हेंबर

पाटा तुटला. मागचं चाक नाल्याच्या उतारावर काळ्या मातीत रुतलं. एका पाटलाचं इंजिन दुरुस्तीला लादलेलं होतं. ते वजन आणि ती मऊ केलेली गाडी. मि. डोकं धरून बसले. मी त्यांना बोल लावला नाही, पण वेळ वाईट होती. दिवसभराचं काम बुडालं, पाटलाचं ओलीत थांबलेलं.

माय दिसेना. हाका मारल्या. मला वाटलं, आपल्यामुळं झालं म्हणून निघून गेली असेल, तिचा स्वभावच तसा. मी शेतांमधल्या पांदीनं धावत गेले. तर समोरून दोन बैलजोड्या, दोन गडी, आणि पुढं माय. पदर खोचलेला.

"ह्या पाह्य, कमले. म्या सांगतलं यायले, माह्या जवायाची गाडी फसली, इंजिनवाला मिस्त्री हाय तो, इकडच्या साऱ्या हिरी त्याच्याच भरोशावर हायेत."

गड्यांनी गाडी ओढून काढली. मि. नं ज्यांचं इंजिन कधी पाहिलंही नाही अशी ती माणसं. चहाला थांबा म्हटलं, थांबली. मायनंच चहा केला, आमच्या चुलीवर.

३ डिसेंबर, वाशीम

नवा पाटा टाकला. काढलेली पानंही परत घातली. "गाडी गाडीसारखीच राहू द्याले पायजे," मि. म्हणाले. मग मायच्या कमरेचं काय?

त्यावर त्यांनी जी युक्ती केली! पंक्चरवाल्याकडून ट्यूबची फाटकी रबरं आणली, पट्ट्या कापल्या, आणि नवारीऐवजी त्यांचीच बाज विणली. खालची चौकट ट्रकच्या तळाला बोल्टानं आवळली. आता गाडी आदळते ती बाज झेलते. मायला बसवून गाडी मुद्दाम खड्ड्यांतून नेली.

"कसं वाटते आत्याबाई?"

"पाळन्यावानी लागते, बापा!" मोठ्यानं हसली. असं हसणं मी लहानपणी ऐकलं होतं.

१४ डिसेंबर

माय म्हणते खिडकी पाहिजे. तिच्या बाजेजवळ नुसती फळी. आवाज येतात, दिसत काही नाही. "कोनतं गाव आलं, कोन बोलून राह्यलं, काईच समजत नाई. पोत्यात टाकून नेल्यावानी लागते." मि. म्हणाले, तिथं भोक पाडलं तर ढाचा कमजोर होईल. माय गप्प बसली. तिचं गप्प बसणं मि. ला सहन होत नाही, हे आता मला कळलंय.

१६ डिसेंबर

पाडली खिडकी. दोन खांबांच्या मधोमध, आडवी लांबट. वर लोखंडी पट्टी दिली, सरकणारी फळी केली. घासून कडेची धार मोडली, तिचा हात कापू नये म्हणून.

संध्याकाळपर्यंत माय खिडकीतून हलली नाही. कापूस वेचणाऱ्या बाया दिसल्या की "राम राम वं बायांनो," आमच्यातल्या दिसल्या तर "जय भीम." त्याही हात करतात. एका चढावरून खालचं रान दिसलं, गहू हिरवा, तूर पिवळी, लांब कुठंतरी पाणी चमकत होतं.

"एवढा मुलूख हाय काय वं, कमले? अन आमी आपल्या तेवढ्याच वावरात वाकून राह्यलो जलमभर."



५ जानेवारी १९७५

दोन दिवस मायच्या मनात काही होतं. आज भाकरी थापताना, माझ्याकडं न बघता: "रिसोडाकडं जाते काय आपली गाडी?"

आपली म्हणाली!

रिसोडच्या पुढं एका खेड्यात सारजा मावशी. मायची धाकटी बहीण. आजी वारली तेव्हा भेटल्या होत्या, नंतर नाहीच. मी तेव्हा परकरात होते. इकडून कोणी जाणारं नाही, तिकडून येणारं नाही. जिवंत आहे एवढं कानावर येतं.

मि. ना सांगितलं. म्हणाले, "रिसोडाकडं हिरी नाईत काय? तिथंबी इंजिनं बंद पडतच असतीन."

११ जानेवारी, रिसोडच्या पलीकडं

मावशी अंगणात ज्वारी पाखडत होती. गाडी थांबली तशी डोळ्यांवर हात धरून पाहत राहिली. माय खिडकीतूनच बोलली, उतरायच्या आधी.

"सारजे, ओयखलं काय?"

मावशीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "आवाज त माह्या मायचा हाय," म्हणाली. आजीचा. मग दोघीही...

पुढचं लिहिता येत नाही. मि. बोनेट उघडून उगीच आत पाहत होते.

१२ जानेवारी

दोघी बहिणी दिवसभर गाडीत. मावशीला बाजेवर बसवून माय सगळं दाखवत होती, जणू तिनंच बांधली: हे जातं बरोबर चाकावर, ही फळी सरकते, हे रबर. मावशीनं विचारलं, "जवायाच्या घरी रायतं तू? लोक काय म्हनतीन?"

मी बाहेर चूल फुंकत होते. कान तिकडंच.

माय म्हणाली, "एक गंगाराम सोडला त लोकायनं भित पडली तवा बलावलं नाई. यानं बलावलं." मग म्हणाली, "चांगला हाय मानूस. तोंडानं कमी बोलते, पन चांगला हाय."

मि. ला सांगितलं नाही. हे माझ्यापाशीच राहू दे.

८ फेब्रुवारी, शेलूबाजार

गंगाराम काकांचा निरोप. भिंत उभी झाली, वाळली. पावसाळ्याआधी वरचं छप्परही शाकारून देतो म्हणतात. कोण करतं एवढं?

मायनं ऐकून घेतलं. कोंबडीला दाणे टाकले. मग सामान बांधायला लागली. मी म्हटलं, थोडी थांब. "बोलल्याप्रमानं वागावं मानसानं." मि. पलीकडं इंजिनाच्या रिंगा साफ करत होते, मान वर केली नाही.

१० फेब्रुवारी

सोडून आलो. मि. नं जातं एकट्यानं उतरवलं. कोणाला हात लावू दिला नाही. भिंत चांगली आहे, पाया दगडाचा केलाय. माय दारात उभी राहिली. म्हणाली, "जा, ऊन होईन." मग तशीच उभी.

परत येताना बाज रिकामी. मि. ना विचारलं, काढायची का, जागा मोकळी होईल. "राहू दे."

२ मार्च

गाडी मोकळी, आवाज फार. फळ्या करकरतात, पाने खुळखुळतात. हे आधीही होत असणार. मि. प्रत्येक बोल्ट परत आवळत बसतात. कशाचा आवाज येतो म्हणे, सापडत नाही.

१५ एप्रिल, माहेर

जयंतीला आलो. गावात पंचशील, मिरवणूक, नंतर जेवण. माय नव्या लुगड्यात. वस्तीतल्या बाया मला सांगतात, तुझी माय रोज रात्री पारावर रिसोडाच्या गोष्टी सांगते, गव्हाच्या, चढावरून दिसणाऱ्या पाण्याच्या. दोघीजणींनी मि. ला विचारलं, आमालेबी नेता काय? मि. लाजले.

मायनं घराच्या बाजूची जागा साफ करून ठेवली होती. मुरूम टाकलेला, दाबलेला. मला वाटलं अंगण वाढवलं. जेवण झाल्यावर तिनं सांगितलं, पावसाळ्यात गाडी इथं उभी करायची. चिखलात रुतणार नाही. तुम्ही दोघं घरात.

मि. एकदम उभे राहिले. "नाई आत्याबाई. सासुरवाडीत राह्यनं मले जमनार नाई. घरजवाई म्हनतीन."

"म्हनू द्या."

"नाई."

दरवर्षी आम्ही पावसाळा कारंज्याला जिनिंगच्या मागं काढतो. तिथं पाणी साचतं, मागल्या साली फळ्या खालून कुजल्या. त्यांनाही माहीत आहे. मी मधी बोलले नाही. मायनं माझ्यासाठी हट्ट सोडला होता, आता त्यांची पाळी. पण पुरुषाचं वेगळं असतं म्हणतात. वेगळं कसं, मला कळत नाही.

१८ मे

ऊन फार. विहिरी खोल गेल्या, कामं थोडी. रात्री छतावर झोपतो. मि. अचानक म्हणाले, "मुरूम कुठून आनला असन त्या बाईनं? डोक्यावर वाहला असन." मी म्हटलं, असेल. बराच वेळ जागे होते.

३ जून

कारंज्याला निघालो होतो. अर्ध्या रस्त्यात मि. म्हणाले, कामरगावकडं जाऊन येऊ, मागचा पत्रा गाडी उतरत्या जागेवर उभी करून पाहायचा आहे. असलं काम मी कधी ऐकलं नाही. होय म्हटलं.

४ जून, माहेर

गाडी मुरमावर उभी आहे. बरोबर बसली, जशी मोजून केली असावी. मायनं पुरण घातलं. मि. गाडीतच झोपणार म्हणतात, जेवणही तिथंच पाठवा. मायनं ताट नेऊन दिलं. मी घरात मायजवळ झोपले. लहानपणाची तीच जागा, भिंत तेवढी नवी.

७ जून

पश्चिमेकडं आभाळ आलंय. रिसोडाकडून मावशीचा निरोप, पेरणीआधी येऊन जाते म्हणून. माय सकाळपासून दळते.

मि. नं आज गाडीची बॅटरी उतरवली. पुसली, तारांच्या टोकांना ग्रीस लावलं, आणि उचलून आणून घरातल्या कोनाड्याखाली ठेवली. दोन दिवस साफ करायला आणली की चार महिन्यांसाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. मायनं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्यासाठी चहा टाकला.

बॅटरीशिवाय गाडी जागची हलत नाही, एवढं मलाही कळतं.