चौकटीवरचा भार

कडाव, ता. कर्जत
मंगळवार, २० जानेवारी २०२६

प्रिय नीलेश भाऊजी,

संजना वहिनीचा नमस्कार. तुमचा जुना नंबर लागत नाही, म्हणून शकूकाकूंकडे गेले होते. तुमची आईच ती, नवा नंबर काही दिला नाही. म्हणाल्या, "कुनाला देऊ नको म्हनलाय त्यानं." म्हटलं, खोपोलीच्या खोलीचा पत्ता द्यायला तर मनाई नाही ना? तेव्हा हसल्या आणि पत्ता दिला.

यंदा वाल झकास आलाय. शेंगा भरल्या, बांधाबांधावर पोपटीची मडकी लागतायत. आमची थोरली म्हैस व्याली, रेडी झाली. डेअरीत दूध वाढलंय. तुमच्या घरामागचा पेंढा काकूंनी आम्हालाच दिला. काकूंचे गुडघे दुखतात, पण त्या कुणाला सांगत नाहीत.

आता तुमच्या रूपेशदादांबद्दल.

ह्यांच्या मानेचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही हॉस्पिटलच्या जिन्यापर्यंत येऊन परत गेलात. त्यामुळे आत काय बसवलंय हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. दोन मण्यांमधली चिरडलेली गादी काढून तिथे धातूची छोटी चौकट बसवलीय, पुढून पट्टी आणि स्क्रू. चौकटीत एक सेन्सर आहे, तांदळाच्या कणीएवढा. रोज संध्याकाळी मानेभोवती एक पट्टा लावायचा, की तो सेन्सर जागा होतो आणि मोबाईलवर रेघ उमटते. तीच रेघ तिकडे हॉस्पिटलात दिसते. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला सगळा भार चौकटीवर असतो. हाड जुळत गेलं की भार हाड घेतं, आणि रेघ खाली उतरते.

पावसाळाभर रेघ उतरत होती. हे रोज मला दाखवायचे, "बघ गं, हाड धरतंय." दिवाळीनंतर ती थांबली. मग हळूहळू वर चढायला लागली.

हॉस्पिटलातून भाग्यश्री सिस्टरचा फोन आला. "दादा, ओझं उचलता का काही?"

"छे. दुधाची कॅन पन उचलत नाय."

ते खरंच होतं, कॅन मीच उचलते. पण डेअरीवरून घरी येताना ह्यांच्या गुडघ्यांना लाल माती असायची. एकदा मागोमाग गेले. बंद पडलेल्या भातगिरणीच्या मागे पोरांबरोबर कबड्डीचा सराव चालला होता. झेपा टाकत होते, भाऊजी. डोकं पुढे करून.

घरी आल्यावर बोलले तर उसळले. "मला काय व्हतंय? हातात मुंग्या नायत, मान दुखत नाय. मला बरं वाटतंय आनि ती कणी म्हनते बरं नाय! कुनाचं खरं धरायचं?"

खरं सांगू? मलाही कळत नव्हतं. समोर धडधाकट माणूस, चांगला जेवतोय, झोपतोय. आणि मोबाईलमध्ये एक रेघ. सिस्टरला विचारलं तर म्हणाली, "ताई, दुखायला लागेल तेव्हा उशीर झालेला असेल. म्हणूनच तर तो सेन्सर बसवलाय." तिने सोमवारी स्कॅनला बोलावलं. हे हो म्हणाले. पण त्या दिवसापासून पट्टा लावायचा बंद केला, चार्जर बिघडला म्हणून.

रविवारी गावदेवीच्या मैदानात फायनल होती, आपली आणि भिवपुरीची. "नुसता बघायला जातो," म्हणाले. मी गोठ्यात होते. मैदानावरचा कर्णा आमच्या गोठ्यापर्यंत ऐकू येतो हे तुम्हाला माहीतच आहे. मी धार काढतेय, आणि कर्ण्यावर आवाज आला, "आता कडावकडून चढाईला येतोय, वर्षभरानंतर मैदानात उतरलेला आपला रूपेश..."

बादली तिथेच राहिली. तशाच ओल्या हातांनी धावत सुटले. पोचले तेव्हा हे मध्यरेषेवर होते. गर्दीत माझी हाक कुणाला ऐकू जाईना, म्हणून सरळ मॅटवर गेले. पंचांनी शिट्टी मारली. 

"संजना, भायेर हो. सगळे बगतायत."

"बगू देत." मग पंचांकडे वळून ओरडले, "ह्यांच्या मानेत भार वाढलाय. उद्या स्कॅन हाय. खेळवू नका ह्यांना."

"खरं हाय का रं, रूपेश?"

"काय नाय, साहेब. मला काय बी दुखत नाय. खेळ चालू करा."

दोन माणसांनी मला धरून रेषेबाहेर आणलं. पंच घुटमळले, आणि त्यांनी शिट्टी दिली. ह्यांनी रेषेला हात लावला आणि दम सुरू केला.  समोर डाव्या कोपऱ्यात भिवपुरीचा कपिल होता. तुमच्यासारखाच, पाय धरण्यात तरबेज. हे त्याच्या अंगावर गेले, आणि त्याने हात खाली सोडले. मॅटवर मांडी घालून बसला.

"मी नाय पकडनार."

ह्यांनी दम न सोडता मांडीवर थाप मारली, ऊठ म्हणून.

कपिल म्हणाला, आणि हे सगळ्यांनी ऐकलं, "नीलेशनं एक पकड केली, दादा, आनि तुझी मान गेली. नियमातली पकड. त्याचा खेळ गेला, गाव गेलं. मला नाय तसं जगायचं."

त्याच्या बाजूचा बसला. मग त्याच्या बाजूचा. एकेक करून भिवपुरीचा सगळा संघ मॅटवर बसला. ह्यांनी सगळ्यांना शिवून परत यायचं म्हटलं असतं तर कुणी अडवणार नव्हतं. ढीगभर गुण, करंडक आपला. हे पुढे गेले. कपिलच्या खांद्यावर हात उचलला. आणि शिवले नाहीत. तसाच हात वर, तोंडाने कबड्डी कबड्डी चाललेलं, आवाज बारीक होत गेला आणि दम तुटला. मग हेही तिथेच खाली बसले.

काल स्कॅन झालं. पुढचे दोन स्क्रू ढिले झालेत, चौकट तिरकी झालीय. मज्जारज्जू अजून शाबूत आहे. डॉक्टरांनी ह्यांच्यासमोरच सांगितलं, "काल नीट पकड बसली असती तर तुमचे हातपाय गेले असते."  हे एवढंच म्हणाले, "मला तर काय दुखत नव्हतं."

शुक्रवारी सकाळी पुन्हा ऑपरेशन आहे. कबड्डी कायमची बंद.

येताना गाडीत ह्यांना मी नाही नाही ते बोलले. करंडकासाठी जीव द्यायला निघाला होतात का, म्हणाले. तेव्हा वर्षात पहिल्यांदा ह्यांच्या तोंडून तुमचं नाव निघालं.

"करंडक कुनाला पायजे गं? मी खेळलो असतो तर व्हिडिओ खोपोलीपर्यंत गेला असता. नील्यानं बगितलं असतं, दादा उभा हाय. मग तो आला असता घरी." आणि मग म्हणाले, "त्या दिवशी त्यानं माझा पाय सोडला असता, तर मी त्याला खेळाडू म्हनलं नसतं."

भाऊजी, हे लिहू की नको, म्हणून सुरुवातीला वाल आणि म्हशी सांगत बसले. तुम्ही म्हणाल, बघा, पुन्हा माझ्यामुळेच. घ्यायचं तर तसं घ्या, मी काही तुमची समजूत घालणार नाही. मला तुमचा राग आहेच. पकडीचा कधीच नव्हता, नंतर तोंड फिरवून गेलात त्याचा आहे. ह्यांचं हाड जुळायला वेळ लागतो हे मला समजलं. तुम्हाला इतका वेळ का लागतोय, ते समजत नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, दुधाच्या टेंपोबरोबर पाठवतेय, म्हणजे उद्याच मिळेल. ह्यांना ठाऊक नाही. तुम्हाला बोलवा असं ते म्हणालेले नाहीत, आणि म्हणणारही नाहीत. दोघे एकाच मातीचे.

आणखी एक. डॉक्टर पुन्हा गळ्याच्या पुढच्याच बाजूने जाणार आहेत. त्या जागी एकदा चिरलेलं असल्यामुळे आवाजाच्या शिरेला धोका असतो. आवाज बसू शकतो, कुणाचा महिनाभर, कुणाचा कायमचा. सहीच्या आधी त्यांनी हे दोनदा सांगितलं. गुरुवारी दुपारी आम्ही घरून निघतो. तोवर ह्यांच्या आवाजाची खात्री मी देऊ शकते. पुढची कुणीच देत नाही.

अजून रागावलेली, तरी तुमचीच,
संजना वहिनी