तीन घरांतलं एकच बाळ

माय, यंदा आपल्या उपकेंद्रात परदेशातली पोरं-पोरी शिकायला आली होती. आपल्या म्हणते, कारण तुझ्या खुर्चीवर आता मी बसते, आणि गावातल्या म्हाताऱ्या मला अजून नर्सबाईची पोर म्हणूनच हाक मारतात. तिकडे नुकतेच डॉक्टर-नर्स झालेल्यांना महिनाभर लांबच्या देशातल्या गावात नेऊन ठेवायचं, लोकांच्या घरी जेवायचं, त्यांच्यात उठायचं-बसायचं, आणि आजार दवाखान्यात येण्याआधी घरात कसा राहतो ते बघायचं, असं ते प्रशिक्षण. शिंदखेड्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी हे सांगितलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. का बरं, तिकडचे आजार संपले? की तिकडे कुणी चुलीपर्यंत येऊ देत नाही, म्हणून आमची चूल? साहेब म्हणाले, "सिस्टर, पाहुणे आहेत, जरा नीट बघा." म्हटलं, बघते की, डोळ्यांत तेल घालून बघते.

त्यातली एक तरुण डॉक्टरीण माझ्याच घरी उतरली. सकाळी उठून अंगण झाडते काय, कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढते काय, आणि वर पुन्हा ठेचाच मागते! हिंदी शिकून आली होती, तोडकीमोडकी. काही लिहून घ्यायची नाही, फोटो काढायची नाही, बायकांच्यात नुसती बसून राहायची. शेजारीण म्हणाली, "चांगली पोर शे व." मी म्हटलं, चांगली असेल, पण इतकं चांगलं कुणी उगाच असतं का? कुठंतरी पाणी मुरतंय, हे माझं पक्कं.

हा संशय मी तुझ्याकडूनच घेतलाय. मी शाळेत होते, तेव्हा शहरातून काही माणसं आली होती. तुझ्या हातात एक अशक्त बाळ देऊन त्यांनी फोटो काढला. बऱ्याच दिवसांनी तो एका गुळगुळीत पुस्तिकेत छापून आला. तू स्वयंपाकघरात भाकरी थापत होतीस, मी पुस्तिका नाचवत आले आणि म्हटलं, "किती छान आलीयेस तू!" तुझे हात थांबले. "त्या पोराकडे बघ," म्हणालीस. "ते आता नाही. त्याच्या आईनं हा फोटो ग्रामपंचायतीत बघितला. माझ्या तोंडावर दार लावून घेतलं तिनं." मग तव्यावरची भाकरी जळेपर्यंत तू उलटलीच नाहीस. ती बाई पुन्हा कधी तुझ्याकडे आली नाही. पुढे निवृत्त होऊन पिंप्राळ्याला राहायला गेलीस, तरी शेवटपर्यंत कुणी मोबाइल वर धरला की तू पदर तोंडावर घ्यायचीस.

तर घरभेटी सुरू झाल्या. पहिल्या घरी ओटीवर एक गुटगुटीत बाळ, काजळ, गालावर तीट, अंगात नवं झबलं. दुसऱ्या घरी तसंच. तिसऱ्या घरी त्यानं डॉक्टरणीला बघितलं आणि खुदकन हसून हात पसरले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दीदी, ये बेबी मेरे को पहचानता है. तीन घर में मिला." अगं, तो आमच्या सरपंचाचा नातू! बायकांनी आपापसांत ठरवून आपली किडकिडीत पोरं मावशी-मामांकडे रवाना केली होती, आणि हे एकच बाळ कुणाच्या ना कुणाच्या कडेवर मागच्या दारानं घरोघर फिरत होतं. मी आशाताईला बाजूला घेऊन विचारलं, तर त्या घरची सूनच पुढं आली. "रोडका पोऱ्या पाव्हनीले कसा दाखाडू व बाई? माले लाज वाटस." मला हसू आलं. खरं सांगते, बरंही वाटलं. घ्या, शिका आता!

पण ती पोर हसली नाही. "तो इस घर का बेबी किधर है?" तिनं विचारलं. मी अंदाजानं म्हटलं, मामा के गाव. एवढ्यावर ती सून धाय मोकलून रडायला लागली. पोर नरडाण्याला मावशीकडे होतं, कालपासून अंगावर पीत नव्हतं, धापत होतं, आणि पाहुणे घरात असताना हे अशुभ कसं बोलायचं म्हणून ती गप्प होती. नरडाण्याला जायला जीप होती, पण ती प्रशिक्षणवाल्यांची. तिच्यात बसायचं म्हणजे डॉक्टरीण सोबत येणार, ते पोर बघणार. आणि माय, एसटीची वाट बघावी का, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. मग मीच जीपचं दार उघडलं.

नरडाण्याला पोराच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जात होत्या. माझं पहिलं वाक्य काय, तर "फोटो नहीं." डॉक्टरणीनं पोराला आईसकट जीपमध्ये बसवलं. जीप धुळ्याच्या रस्त्याला लागली तशी ती पोराच्या छातीवर नजर ठेवून बसली. त्याला आईच्या मांडीवरून मात्र तिनं उचललं नाही. माझ्या फोनची बॅटरी गेलेली. तिनं स्वतःचा फोन उघडून माझ्या हातात दिला, "आप बोलो, मराठी में." मी धुळ्याच्या दवाखान्यात सांगून ठेवलं, आणि पोचलो तेव्हा ऑक्सिजन तयार होता. दोन-तीन दिवसांत पोर प्यायला लागलं. सून म्हणते, आता त्याचा आवाज शेजारच्या गल्लीत जातो.

ती डॉक्टरीण गेली तिच्या देशाला. हे मी कुणाला बोलले नाही, आणि हा कागदही कुठं जायचा नाही. त्या दिवशी गडबडीत तिचा फोन माझ्याकडेच राहिला होता. ती आत पोराजवळ उभी होती, आणि मी बाहेर बाकावर बसून तिचे सगळे फोटो चाळले. तिची आई असावी अशी एक बाई, एक कुत्रा, आपल्याकडची ठेच्याची वाटी. गावातलं एकही पोर नाही, एकही बाई नाही. हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला, माय. एक तरी फोटो सापडावा म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागले.