केरबाच्या वेलाच्या तीन नळ्या

११ मार्च १९८६, लातूर

नळाला पाणी सातव्या दिवशी. पण आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाला उणे एकशे शहाण्णव अंशांचा द्रव नायट्रोजन अगदी वेळेवर! जनावरांच्या दवाखान्याची जीप वळूच्या वीर्यासोबत आणून देते. विभागप्रमुख श्रीपाद सर गेटवर जाऊन तिचं स्वागत करतात. जिल्हा नवा, प्रयोगशाळा नवी, सरांचा सफारीही नवा. जुनी तेवढी मी, प्रयोगशाळा सहायक.

टाकीत नागवेलीचे कोंब गोठवलेत. बाजारच्या वेलाच्या बऱ्याच नळ्या, केरबाच्या फक्त तीन. नांदेडकडचा त्याचा पानमळा दुष्काळात जळाला. नागवेलीचं बी काही ठेवता येत नाही. त्याच्या जातीचं उरलंय ते एवढंच.

२४ मार्च

कलेक्टर कचेरीतले पाहुणे. सरांनी बाजारच्या वेलाची एक नळी चिमट्यानं काढली, पांढरा धूर दाखवला आणि झटकन कोमट पाण्यात बुडवली. वर भाषण. टाळ्या. गारुड्याच्या खेळात नि यात फरक एवढाच, की शेवटी थाळी फिरवली नाही.

२ एप्रिल

केरबा आला. "विहिरीला पाणी लागलंय, बाई. आज्यानं लावलेला वेल हाय. जित्ता हाय नव्हं?" सरांनी त्याला अर्धा तास विज्ञान पाजलं. बिचारा मान डोलवत राहिला.

३ एप्रिल

सर नांदेडला — व्याख्यान, दुसरं काय! जाताना म्हणाले, "विमलबाई, केरबाची एकच नळी काढा. पाहुण्यांपुढं केलं तसंच करा."

म्हणजे तमाशा करा. थंडीनं गारठलेल्या माणसाला कुणी एकदम गरम पाण्यात बसवतं का? मी नळ्या टेबलावर कापसात ठेवल्या, सावकाश वितळू दिल्या. तिन्ही. एकीवर काय भरवसा? सरांना डोकं कमी, हौस लई.

२१ एप्रिल

सरांच्या तमाशातल्या नळीतले कोंब हिरवे झाले.

केरबाचे काळे. तिन्ही नळ्यांतले.

२२ एप्रिल

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी काळे कोंब उजेडात धरून पाहिले. मग म्हणाले, "हळू वितळलं की आत बर्फाचे खडे वाढतात, पेशी फाटतात. मी सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं, पाहुण्यांसमोरच. मी तेव्हा मनात हसत होते.

२५ एप्रिल

केरबा रोपं न्यायला ओलं गोणपाट घेऊन आला. सर त्याच्यापुढं हात जोडून म्हणाले, "चूक माझ्या हातून झाली."

मी तिथंच होते. गप्प बसले.